मोजणीतून राहिलेला उतार

गावात माझं तोंड प्रसिद्ध आहे. रेशन दुकानदार माप कमी घालायला लागला की बायका मला हाक मारतात. एकदा एसटीच्या कंडक्टरने आमच्या फाट्यावर गाडी थांबवली नाही, तर पुढच्या फेरीला मी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले होते. आई म्हणते, ही पोटातून बाहेर आली तीच भांडत. मी अंगणवाडी सेविका, बारावी शिकलेली. आश्रमशाळेत नऊ वर्षं काढली, त्यामुळे घरात भिली बोलत असले तरी मराठी अशी बोलते की तालुक्याला लोक विचारतात, ताई तुम्ही मूळच्या कुठल्या? हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून कुणी म्हणू नये की बिचारीला बोलता येत नव्हतं.

तळोद्याहून सातपुडा चढायला लागलं की पहिल्याच वळणाच्या आत आमचं गाव आहे. माझं माहेर आणि सासर एकाच गावात, मध्ये दोन पाडे. माझ्या वडिलांची जमीन म्हणजे जंगलजमीन. आजोबांनी कसली, वडिलांनी कसली, पण कागद म्हणून कुणाकडे काही नव्हता. दरवर्षी पेरणीच्या वेळी धाकधूक, की यंदा कुणी येऊन औत थांबवतो की काय. खाली सपाटीला तीनेक एकर, आणि तिच्या डोक्यावर दगडगोट्यांचा एक उतार. बैल तिथे चढत नाही. त्यामुळे पुरुषांच्या लेखी तो उतार नव्हताच.

तो आईचा होता. कागदावर नाही, पण होता. जून लागला की ती कुदळ घेऊन वर जायची आणि दगडांच्या मधल्या मातीत बी टाकायची. भगर, राळा, चवळी, कुळीथ, अंबाडी, तीळ, सगळं एका मुठीत मिसळलेलं. कडेच्या झुडपांवर वालाचे आणि भोपळ्याचे वेल चढवायची. कुर्डू आणि तरोट्याची भाजी आपोआप उगवायची, ती उपटायची नाही असा तिचा दंडक. लांबून बघितलं तर झुडपं आणि गवत दिसायचं. जवळ गेलं की पाय कुठे ठेवावा हा प्रश्न पडायचा, कारण जिथे ठेवाल तिथे काहीतरी खायचं.

सपाटीवरची ज्वारी आणि तूर वडिलांची. ती कुठे जाणार, किती घरात ठेवायची, किती विकायची, हे ते आणि भाऊ ठरवणार. उतारावरचं कुणी विचारत नसे. आमच्याकडे बायका शेवटी जेवतात. कुणी तसा नियम केलेला नाही, पण पाणी आणता आणता, गुरं बांधता बांधता तसंच होतं. टोपलीत अर्धी भाकरी उरलेली असायची. पण आई वर जायची आणि ओंजळभर कोवळ्या शेंगा, एखादी काकडी, अंबाडीचा पाला घेऊन यायची. चुलीपाशी आम्ही तिघी, मी, आई आणि आजी, ते खायचो. पुरुषांना त्याचा पत्ता नसायचा आणि हवाही नसायचा. गावात कुणी बाळंत झाली की राळ्याची पेज आणि कुळथाचं पाणी आईकडून जायचं. बायका बदल्यात दुसरं बी द्यायच्या. मी आश्रमशाळेतून सुट्टीला यायचे तेव्हा आठ दिवसांत माझ्या गालांवर रंग यायचा, तो त्या उताराचा होता.

मग वनहक्काचे दावे भरायला सुरुवात झाली. वडिलांचा दावा मीच लिहिला. जंगलात औत घातलं म्हणून आजोबांना झालेल्या दंडाच्या जुन्या पावत्या शोधल्या, म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घेतले, गावाच्या समितीच्या मागे लागले. आमच्यात मुलीला जमिनीत वाटा नसतो. म्हणजे ज्या जमिनीत माझं ढेकूळभरसुद्धा नाही, तिच्यासाठी मी उन्हातान्हात चपला झिजवत होते. नवरा चिडवायचा, "नाकापेक्षा मोती जड झाला गं तुझ्या बापाला." मला अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू?

मोजणीला माणसं आली तेव्हा वडील तापाने पडलेले होते. भाऊ नवापूरला कोंबड्यांच्या शेडवर कामाला. म्हणून मला बोलावलं. तिघे होते. एकाच्या हातात यंत्र, एक कागद लिहिणारा, आणि एक जंगलखात्याचा. पद्धत अशी की यंत्र घेऊन हद्दीवरून चालत जायचं. जेवढ्याभोवती चाललं तेवढी जमीन तुमची. मला ते केवढं सोपं वाटलं! पिढ्यान्‌पिढ्यांची भीती आणि उत्तर काय, तर चालत जा.

आई आमच्या मागून येत होती. सपाटीच्या वरच्या टोकाला आम्ही पोचलो, तेव्हा यंत्रवाला थांबला आणि उताराकडे बघत म्हणाला, "ताई, हेपण तुमच्यातच येतं का? यात काय लावलंय?"

मी वर पाहिलं. ऐन भाद्रपद होता. सगळं माजलेलं, एकात एक गुंतलेलं. भगरीची कणसं वाऱ्यावर हलत होती, पण ती गवतासारखीच दिसतात. आश्रमशाळेत आम्हाला शिकवलं होतं की शेती ओळीत करायची असते. त्या तीन माणसांनी हसू नये असं मला वाटलं. शिवाय आदल्या दिवशीच समितीतला एक जण सांगून गेला होता, जास्त मागाल तर सगळाच दावा हातचा जाईल. आणि ऊन होतं, आणि अजून चार घरं मोजायची राहिली होती, आणि घाई होती.

आईने माझं कोपर धरलं. आपल्या बोलीत म्हणाली, "हेपण सांग. हे आपलं आहे, माझ्या सासूपासूनचं. त्यांना वर ने."

यंत्रवाल्याने विचारलं, "काय म्हणतायत आजी?"

मी म्हणाले, "काही नाही साहेब. बायकांचं आहे ते. पालापाचोळा."

उचलली जीभ लावली टाळ्याला. एवढंच! माझ्या तोंडून ते इतकं सहज गेलं की मला त्यात काही केल्यासारखंसुद्धा वाटलं नाही. यंत्रवाला खालच्या बांधावरून वळला. लिहिणाऱ्याने काहीतरी लिहिलं आणि मी सही केली. आईचा अंगठा घेतला, ती हजर होती म्हणून. वाचून कुणी दाखवलं नाही, आणि मी, सगळ्या गावाचे कागद वाचून देणारी, मीही वाचलं नाही. आई परत फिरताना एवढंच म्हणाली, "सांगितलंस ना?" मी हो म्हटलं.

पट्टा आला तेव्हा गावात हलगी वाजली. कागदावर वडिलांचं आणि आईचं, दोघांचं नाव. मागे नकाशा होता. नकाशातली रेघ सपाटीच्या टोकाला सरळ कापलेली. वडिलांनी तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून आढ्याला बांधला. मी नकाशा पाहिला, रेघही पाहिली. मनात म्हटलं, असू दे, वरती कोण जातंय विचारायला.

कागद हातात आला आणि वडील बदलले. बाप्याला कागद मिळाला की त्याला वाटतं आता खरी शेती करावी. ते आणि भाऊ तळोद्याच्या बी-बियाण्याच्या दुकानात गेले. दुकानदार मारवाडी, पण तीन पिढ्या इथे काढल्यामुळे अहिराणी आपल्यापेक्षा झकास बोलतो. म्हणाला, "दादा, मन्हं ऐक. सगळं सोयाबीन लावी दे. हाई तणनाशक मार, निंदणीनी कटकटच नही." त्याचं काय चुकलं? त्याला विकायचं होतं, यांना पिकवायचं होतं. यांनी ज्वारी काढून सोयाबीन लावलं. पहिल्याच फवाऱ्यात, आधी ज्वारीच्या काकऱ्यांमधून जी चवळी-अंबाडी उगवायची ती करपून गेली. निंदणी गेली तशी निंदणीत मिळणारी भाजीही गेली. आई बांधावर उभी राहून बघत होती. नंतर म्हणाली, "वरचं आहे अजून."

पुढच्या जूनला ती बी घेऊन वर गेली तर उतारावर चर खणलेले. ओळीने खड्डे, खड्ड्यात जंगलखात्याची रोपं, भोवती तार. राखणीला शेजारच्या गावचा एक माणूस ठेवलेला, आमच्याच जातीचा, लांबचा पाहुणाही लागतो. तो म्हणाला, "काकी, आत येऊ नको. मलापण पोट आहे."

ती माझ्याकडे आली. अंगणवाडीच्या दारात उभी. ओच्यात बी तसंच.

"तिथे झाडं लावलीत," ती म्हणाली. "तू सांगितलं होतंस ना त्यांना?"

काय सांगू? मला पळून जावंसं वाटलं. पोरं गाणं म्हणत होती, खिचडी शिजत होती. मी तिला बाहेर नेलं आणि खरं ते सांगितलं. मला वाटलं होतं ती मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती फक्त खाली बसली आणि ओच्यातलं बी एका फडक्यात बांधायला लागली. भगर वेगळी, कुळीथ वेगळा असं काही नाही, सगळं एकत्रच. मग म्हणाली, "पालापाचोळा म्हणालीस?" मी मान हलवली. "तूपण तेच खाऊन मोठी झालीस की गं."

तो राग नव्हता. राग असता तर मला भांडता आलं असतं.

त्याच वर्षी वहिनीला दिवस राहिले. ती अंगणवाडीत वजन करायला यायची. डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितलं की आतून पांढऱ्या. नर्सबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि मला सांगितलं, आहार समजावा. माझ्याकडे तक्ता आहे भिंतीला, रंगीत. हिरव्या पालेभाज्या, कडधान्य, तृणधान्य, फळभाज्या. मी पट्टीने एकेक दाखवत होते आणि वहिनी माझ्याकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "ताई, हे सगळं कुठे मिळतं?"

मला इतकी लाज वाटली की मी पट्टी खाली ठेवली. त्या तक्त्यावरचं सगळंच्या सगळं आमच्या उतारावर होतं. आता घरात रेशनचा तांदूळ, गहू आणि मिरचीची चटणी. मोलगीच्या बाजारात भगर मिळते, पण ती पाहुण्यांना आणि उपासवाल्यांना. तिथे भाऊ ती बघतो आणि म्हणतो, घरची खायची वस्तू विकत कोण घेणार. वहिनीच्या पुढ्यात मी माझ्या वाट्याचं अंडं ठेवलं. तिने अर्धं खाल्लं आणि अर्धं पदरात बांधलं, घरच्या थोरल्या पोरासाठी. मी वहीत तिचं वजन लिहिलं.

मग मी उठले. म्हटलं, बैल गेला आणि झोपा केला असं लोक म्हणतील तर म्हणू देत. फेरमोजणीचा अर्ज केला. गावातल्या अकरा बायकांचे जबाब घेतले की या उतारावर आईची लागवड होती, आम्ही तिथलं बी नेलंय, तिथलं खाल्लंय. कचेरीत खेपा घातल्या. दोन पावसाळे गेले. दरम्यान वहिनीला मुलगी झाली, दोन किलोसुद्धा भरली नाही. आई बाळंतिणीच्या पेजेसाठी राळा शोधत चार पाडे फिरली. मूठभर मिळाला, तोही किडलेला. तो तिने निवडून निवडून शिजवला.

शेवटी सुनावणीचं पत्र आलं. मी आणि आई तालुक्याला गेलो. आईने धुतलेलं लुगडं नेसलं होतं. साहेब सभ्य माणूस होता, हे मला सांगायलाच हवं. त्याने आईला खुर्ची दिली, पाणी दिलं. दुभाषी म्हणून मीच, कारण तिथे भिली येणारं दुसरं कुणी नव्हतं.

कारकुनाने विचारलं, "त्या जागेत पीक कोणतं होतं?"

मी आईला विचारलं. ती बोटांवर मोजत सांगायला लागली. भगर, राळा, चवळी, कुळीथ, अंबाडी, तीळ, वाल, काकडी, भोपळा, कडूकंद. कारकून पेन धरून थांबला होता. "ताई, इथे एकच ओळ आहे. मुख्य पीक विचारा."

मी विचारलं. आई गोंधळली. "मुख्य म्हणजे? बाळंतिणीला कुळीथ मुख्य. आखाडात भाजी मुख्य. काही नसलं की कडूकंद मुख्य." मी ते जसंच्या तसं सांगितलं. कारकुनाला हसू आलं, वाईट नव्हतं ते हसू. त्याने 'इतर' असं लिहिलं.

मग साहेबाने जुना पंचनामा काढला आणि वाचून दाखवला. दावेदाराच्या मुलीने सांगितले की सदर उतारावर पीक नसून पालापाचोळा आहे. दावेदाराची पत्नी हजर, हरकत नाही. खाली माझी सही, शेजारी आईचा अंगठा. माझेच शब्द असे सरकारी मराठीत माझ्यासमोर आले.

"आता मला हे सांगा," साहेब म्हणाला, "तुमच्या आईसमोर हे लिहिलं गेलं. तिची जागा होती, तर ती का नाही बोलली?"

मी म्हणाले, "साहेब, ती बोलली होती. तिने सांगितलं होतं, मीच..."

"थांबा," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "तुम्ही तेव्हा खोटं लिहून दिलंत असं म्हणत असाल तर ते वेगळं प्रकरण होईल. तुम्ही अंगणवाडीत आहात ना? नीट विचार करून बोला. आणि आत्ता तुम्ही दुभाषी आहात. मला तुमचं नको, त्यांचं सांगा. विचारा त्यांना."

आईला मराठी बोलता येत नाही. पण 'खोटं' कळतं आणि 'अंगणवाडी' कळतं. तिने साहेबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी तिला प्रश्न विचारला. आमच्या बोलीत आईला याहा म्हणतात. मनात म्हणत होते, सांग गं याहा, सांग की तू माझं कोपर धरलं होतंस. जाऊ दे माझी नोकरी. पण खरं सांगू? त्याच वेळी दुसरं मन म्हणत होतं, दोन पोरं, नवऱ्याचं हातावरचं पोट, माझ्याच मानधनावर घर चाललंय. कारणं खरी आहेत. सगळीच खरी आहेत.

आई म्हणाली, "सांग त्यांना, मीच बोलले नाही. मला वाटलं नव्हतं की ते पुढे लागेल."

"याहा!" मी म्हणाले.

"सांग," ती म्हणाली.

साहेब माझ्याकडे बघत होता. कारकुनाचं पेन तयार होतं. आणि मी, गावभर तोंड चालवणारी, मी ते मराठीत सांगितलं. शुद्ध मराठीत, एकही शब्द इकडचा तिकडे न करता. कारकुनाने लिहिलं. आईचा अंगठा शाईच्या पॅडवर दाबला, मग कागदावर. साहेब म्हणाला, सॉरी आजी, मग यात माझ्या हातात काही राहत नाही. त्याला खरंच वाईट वाटत होतं बहुतेक.

बाहेर पायऱ्यांवर लोक अर्ज घेऊन बसलेले होते. मी आईचा हात धरला आणि तिच्यावरच ओरडले. "का केलंस असं? आज जागा परत मिळाली असती. तुझी होती ती, सासूपासूनची. का खोटं बोललीस?"

ती अंगठ्याची शाई पायरीच्या दगडाला पुसत होती. म्हणाली, "जागा माझी आणि पोरगीपण माझीच. दोन्ही कशा राहतील?"

मी तिथेच, सगळ्यांसमोर, पायरीवर बसून रडले. तिने मला उठवलं नाही. शेजारी बसून राहिली.